हौसाक्का, काम: बसणे

आधीच हसू नका. सांगून झाल्यावर हसा, मी बी हसंन. आणि चहा कप भरून घ्या बरं का, कारण ह्या सगळ्या घोटाळ्याची सुरुवातच अर्ध्या कपापास्नं झाली.

शिवाजी पेठेत माझा डंक हाय. डंक म्हणजे मिरची-मसाला कुटायचं मशीन. उन्हाळा लागला की पेठेतल्या बायका वर्षाची चटणी कुटायला माझ्याकडं येत्यात. आता कोल्हापुरात चटणी म्हटलं की ताटाच्या कडंला चमचाभर वाढायची ती नव्हं. कांदा, लसूण, खोबरं, तीळ, खडा मसाला, सगळं भाजून-तळून मिरचीत घालून कुटलेली लालभडक चटणी. आमटीत ती, मटणात ती, भाकरीवर तेल सोडून बी तीच. ती बिघडली की त्या घराचं अख्खं वर्ष बिघडलं म्हणून समजा.

बायका जिन्नस डब्यात भरून आणायच्या आणि चटणी कुटून होईस्तवर पंख्याखाली बाकड्यावर बसायच्या. आपली चटणी सोडून हलायच्या न्हाईत. मशीन चालवायला शंकर, आणि दाराशी पोत्यावर हौसाक्का. आक्का सत्तरीची, माझ्या वडलांच्या काळापास्नं डंकावर. डबा आला की झाकण उघडून वास घ्यायची, दोन शब्द बोलायची, आणि शंकरला सांगायची कुठल्या परातीतली चटणी कुठल्या डब्यात भर. कागद न्हाय, पेन न्हाय, काय न्हाय.

तर यंदा मी एका शिबिराला गेलतो. ‘धंद्यातली खर्चकपात’. हॉटेलचा एसी हॉल, कोटातले सर, आणि नाश्त्याला शिरा. फी किती होती ते विचारू नका, तो खर्च यादीत धरायचा नसतो म्हणे. सर म्हणाले, धंद्यातल्या प्रत्येक वस्तूला आणि प्रत्येक माणसाला एकच प्रश्न विचारा, तुझं काम काय? मला एकदम पटलं. शिरा बी चांगला होता.

दुसऱ्या दिवशी डंकावर जाऊन मी कागद घेतला आणि लिहीत सुटलो. शंकर, काम: मशीन चालवणे. पंखा, काम: बायकांना वारा घालणे. बाकडं, काम: बायकांना गप्पा मारायला लावणे. चहा, काम: त्या गप्पा लांबवणे. आणि शेवटी, हौसाक्का, काम: बसणे. कागद भिंतीवर चिकटवला. ध्येय डोळ्यासमोर पाहिजे, असं सर म्हणाले होते.

पंखा बंद केला. बाकडं माळ्यावर टाकलं. बायकांचा चहा बंद, शंकरचा अर्धा कप. आता तुम्ही म्हणाल, घरापास्नं सुरुवात करायची की. अहो, ती तर मी तीन वर्षांमागंच केलती. ऐन सीझनला घरच्या चटणीसाठी मशीन अडवून ठेवायचं म्हणजे नुकसानच न्हवं का? म्हणून आमच्या शोभाला, म्हणजे आमच्या मंडळींना सांगितलं, बाहेर स्वस्तात होतंय ते घरात कशाला करायचं? तुझ्या माहेरास्नं, पेठ वडगावास्नं आण. ती नुसतं ‘बरं’ म्हणली. आणि काय चटणी येते सांगू सासूबाईंच्या हातची. पहिल्या घासालाच म्हटलं, असली चटणी अख्ख्या कोल्हापुरात न्हाय. तवापास्नं डंकावर आलेल्या प्रत्येक बाईला मी हे ऐकवत आलोय.

आता राहिली हौसाक्का. तिला कागद वाचून दाखवला. वाटलं रडंल, भांडंल, वडलांचं नाव काढंल. तसलं काय बी न्हाय. म्हणली, बसायचंच असंल तर मी घरात बी बसती. उठली, पोत्याची घडी घातली आणि काखेत मारली. मी म्हटलं, आक्का, पोतं डंकाचं हाय. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मी म्हटलं, ने बाई.

आता माझी पद्धत ऐका. डब्याला नंबर, बाईच्या हातात टोकन. डबा ठेवा, घरला जावा, संध्याकाळी येऊन घेऊन जावा. स्टिकर तीन लावायचे खरं तर, एक झाकणाला, एक डब्याला, एक परातीला. म्हटलं तीन कशाला? झाकण डब्याचंच असतंय की. एकच लावायचा, झाकणाला. असली डोकी शिबिरात घडत्यात.

पहिल्या दिवशी नऊ डबे आले. शंकरनं झपाझप कुटलं. कुटलेली चटणी गरम असती, ती परातीत पसरून गार करावी लागती. दुपारी येऊन बघतो तर काय? नऊ पराती, सगळ्या लाल. नऊ रिकामे डबे एका वर एक. आणि कोपऱ्यात नऊ झाकणांची चळत, एक ते नऊ नंबर लावून, एकदम शिस्तीत.

मी विचारलं, शंकर, कुठली परात कुणाची? तो म्हणला, हे आक्का सांगायची. मग झाकणं लावून बघितली. डबे सगळे एकाच मापाचे, कुठलं बी झाकण कुठल्या बी डब्याला बसतंय. दोन गल्ल्या सोडून नवीन डंक निघालाय, तितं बायकांना बसायला खुर्च्या हायत. पेठेतली एक बाई तिकडं वळली की तिच्यामागं अख्खी गल्ली वळणार. म्हणजे सीझन गेला.

पण मी काय कमी हाय का? डबे फिरवून बघितले तर प्रत्येक डब्यावर नाव घातलेलं. आपल्यात भांड्यावर नाव घालत्यातच की. जीव भांड्यात पडला. शंकरला म्हटलं, दिसंल ती परात दिसंल त्या डब्यात भर, चटणी काय, सगळ्यांची सारखीच. डबे मी नावावर पोचवतो. बायका न्यायला आल्या तर घोटाळा उघडा पडंल, त्यापेक्षा आपणच घरी नेऊन द्यायचे आणि वर म्हणायचं, घरपोच सेवा सुरू केली.

स्कूटरवर डबे लादले आणि निघालो. सुमन माने, सापडल्या. माने काकूंना डबा दिला, त्यांनी डब्याकडं जरा टक लावून बघितलं, पण घेतला. पाटील सापडले, शिंदे सापडले. दोन नावं लांबच्या पेठांतली निघाली. मला जरा नवल वाटलं, पण म्हटलं, आपलं नाव लांबवर पोचलंय. आठ डबे संपले. शेवटचा राहिला, त्यावर नाव दत्तोबा घाटगे, कुरुंदवाड.

आता कुरुंदवाडचा माणूस चटणी कुटायला शिवाजी पेठेत कशाला येईल, हा प्रश्न तुमच्या डोक्यात आला न्हवं? माझ्या न्हाय आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्रोल टाकून कुरुंदवाड गाठलं. पंख्याची वीज वाचवलेला माणूस मी. दत्तोबा मामा म्हातारे, धोतर नेसलेले. ‘या पावणं’ म्हणून बसवलं, डबा बघितला आणि डोळ्यात पाणीच आणलं. म्हणले, पेठेतल्या भाचीला तिच्या लग्नात हा डबा मीच दिलता. पोरीनं आठवण ठेवली बघा, चटणी भरून पाठवली. मी डबा निरखून बघितला. नावाच्या पुढं बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘यांजकडून सप्रेम भेट’.

सगळे आहेराचे डबे. मालकिणी राहिल्या बाजूला, मी आहेर देणाऱ्यांच्या घरी डबे वाटत फिरलतो.

परत पेठेत पोचायच्या आत मामांचा भाचीला फोन करून झालेला. भाची म्हणजे सावंत वहिनी. त्या टोकन हातात धरून डंकाच्या दारात उभ्या. मामांनी वर सांगितलेलं, चटणी लई झकास, रात्री मटण लावतोय. वहिनी मला म्हणल्या, वर्षाची चटणी हाय माझी, मामाकडं परत कुठल्या तोंडानं मागू? त्यांच्यामागं माने काकू. त्यांच्या नावाचा डबा त्यांनीच नणंदेला वास्तुशांतीत दिलेला. नणंदेनं तो तसाच जाधव वहिनींच्या मुलीच्या बारशात आहेर म्हणून फिरवलेला. आता काकू आणि नणंद बोलत न्हाईत, आणि दोघी मिळून मला बोलत्यात.

सगळे डबे परत गोळा केले. कुरुंदवाडला परत गेलो, मामांना सगळं खरं सांगितलं. मामा लई हसले आणि मटणाचं जेवण घालून डबा दिला. तेवढीच एक बरी गोष्ट.

तिसऱ्या दिवशी नवाच्या नव बायका डंकावर, त्यात माने काकूंची नणंद बी. डबे त्यांनी लगेच ओळखले, पण डब्यातली चटणी कुणाची? चटण्या परत परातीत ओतून मांडल्या. आणि काय झालं सांगू? एका परातीचा वास इतका सुरेख सुटलेला की पाच जणी एकदम म्हणल्या, ही माझी. माने काकूंनी तर परातीला हातच घातला. आणि एका परातीकडं कुणी ढुंकून बघंना. काळपट, जरा करपट. ती नऊपैकी कुणाचीच न्हाय म्हणं.

मी पुढं झालो. म्हटलं, सासूबाईंच्या हातची चटणी रोज खाणारी जीभ हाय माझी, मी ओळखतो. तिसऱ्या चिमटीला कानातनं धूर निघाला, चौथ्याला मला माझं नाव आठवंना. सावंत वहिनी शांतपणे म्हणल्या, दादा, एक तर हौसाक्काला आणा, न्हाय तर आम्ही उद्यापास्नं त्या खुर्च्यावाल्याकडं जातो.

गेलो. आक्का गच्चीवर सांडगे घालत बसलेली. माझ्याकडं बघितलं बी न्हाय. म्हणली, बाकडं खाली काढ, पंखा लाव, सगळ्यांचा चहा भरून दे. मी तिन्हीला व्हय म्हटलं. ‘आणि पोतं तू उचल,’ ती म्हणली. भर पेठेतनं मी पोतं खांद्यावर घेऊन पुढं आणि आक्का हात हलवत मागं. तालमीसमोरची पोरं विचारायला लागली, दादा, हमाली सुरू केली का?

इथंवर ठीक होतं. पण वाटेत माझ्या मनात पाप शिरलं. म्हटलं, म्हातारी नुसती अंदाजानं सांगणार, आणि बायका ऐकणार. हिला एकदा सगळ्यांसमोर चुकवली की माझी टोकनची पद्धत परत उभी राहती. शोभाला फोन केला, घरची चटणीची बरणी घेऊन ये. ती म्हणली कशाला, आईची चटणी अशी चारचौघांत दाखवू नये. मी ऐकतोय व्हय? ती आली, बरणी माझ्या हातात दिली आणि मागं भिंतीला टेकून उभी राहिली. मी गुपचूप दहावी परात मांडली.

आक्का पोत्यावर बसली. एकेका परातीतनं चिमूट उचलायची, हुंगायची, बोटावर चोळायची. ही सावंतीणीची, तीळ जास्त हायत. ही पाटलीणीची, खोबरं लई भाजलंय. पाच जणींची भांडणं लागलेली परात निघाली जाधव वहिनींची. त्या बिचाऱ्या मागं उभ्या, त्यांनी तोंड सुद्धा उघडलं नव्हतं. मग करपट परात आली.

‘सुमन, ही तुझी,’ आक्का म्हणली. ‘कांदा तळताना फोनवर बोलत होतीस न्हवं?’

माने काकू तोंडातल्या तोंडात कायतरी म्हणल्या, आणि निमूट आपला डबा पुढं केला. मग आली दहावी परात. आक्कानं चिमूट घेतली, हुंगली, परत हुंगली. कपाळाला आठ्या पडल्या. मला आतनं गुदगुल्या.

‘ही कुणाच्याच हातची न्हाय,’ ती म्हणली. ‘ही दुकानातल्या पाकिटातली हाय.’

मी टाळी वाजवून हसलो. म्हटलं, ‘आक्का, नाक गेलं तुझं. ही माझ्या सासूबाईंच्या हातची, पेठ वडगावची. तीन वर्षं खातोय मी.’

कुणीच हसलं न्हाय. नऊ बायका हळूच मागं वळल्या. मी बी वळलो. शोभानं आधी पदर नीट केला.

‘आईला आता हुत न्हाय. माहेरी बी पाकीटच आणत्यात,’ ती म्हणली. ‘मी पहिल्याच दिवशी सांगणार हुते. पण तुम्ही घास घेतलासा आणि म्हणालासा, असली चटणी अख्ख्या कोल्हापुरात न्हाय. आणि बाहेर स्वस्तात होतंय ते घरात कशाला करायचं, हे तुमचंच की.’

मग मात्र हसल्या. बाकड्यावर थापा मारून हसल्या. शंकर मशीनमागं तोंड लपवून हसत होता, त्याच्या हातात भरलेला कप. माने काकू आणि त्यांची नणंद एकमेकींच्या खांद्याला धरून हसत होत्या, म्हणजे तेवढं तरी जुळलं. एक बी बाई खुर्च्यावाल्याकडं गेली न्हाय. असली करमणूक तिकडं कुठं मिळायची?

घरची चटणी आता डंकावरच कुटायची ठरलीय. पण नंबर आक्का लावती, आणि तिनं आमचा डबा सगळ्यात मागं ठेवलाय. तवर पाकीट चालू हाय.

आणि तो भिंतीवरचा कागद. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्यातलं ‘हौसाक्का’ खोडून शोभाच्या अक्षरात ‘मालक’ लिहिलेलं. पुढचं तसंच ठेवलंय, काम: बसणे. मला ते बी मान्य हाय हो. पण पोत्यावर आक्का असती, बाकड्यावर बायका असत्यात. महिना झाला, मी उभाच हाय.