पाहुण्यांसाठी घातलेलं गाऱ्हाणं

माझं माहेर उचगावच्या पलीकडं, डोंगराच्या पोटाला चिकटलेलं. मला दिलं शहापूरला, मागाच्या घरात. दिवसभर मागांचा खडखडाट ऐकायचा आणि सुट्टी मिळाली की त्या डोंगराकडं पळायचं, एवढीच माझी चैन. तो डोंगर आता जाणार. आणि तो जावा म्हणून देवापुढं नारळ ठेवला तो आमच्याच आप्पांनी, माझ्या वडलांनी. हसा, हसायचं तर.

त्या उन्हाळ्यात मी माहेरीच होते. बोअर मारायची गाडी गुरगुरत चढावर आली आणि सगळं गाव मागोमाग वर गेलं. आमच्याकडं अशी गाडी आली की ती पाण्यासाठीच, दुसरं काय काढणार ती? गावची विहीर चैतातच तळ दाखवते. गाडीबरोबरच्या साहेबाला आप्पांनी विचारलं, "लागंल नव्हं?"

"बघू की आप्पा," तो म्हणाला. "लागलं तर तुमचं नशीब."

आमच्यात रीत आहे. वेशीच्या आत कुणीही काम काढलं, मग तो परका का असेना, त्याच्यासाठी गावानं देवाला गाऱ्हाणं घालायचं. मान आप्पांचा. त्यांनी टोपी सारखी केली, नारळ ठेवला आणि म्हणाले, "बा देवा, तुझ्या दारात पाहुणे आल्यात. ज्या कामाला आल्यात त्यात यश दे. रिकाम्या हातानं धाडू नगंस." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीही म्हणाले, चांगलं मोठ्यानं.

पाणी काही आलं नाही. आल्या तांबड्या दगडाच्या गोल लांब कांड्या. साहेब त्या पेटीत ओळीनं मांडायचा, तान्हं पोर निजवावं तशा.

"आप्पा, पाण्याला आल्यात तर दगड कशाला जपत्यात?"

"तुला काय कळतंय गं. माग चालीव जा."

शेवटी मीच साहेबाला गाठलं. तो बिचारा सरळ माणूस, लपवाछपवी नाही. म्हणाला, "तुमच्या घरातली पातेली असत्यात न्हवं आक्का, अल्युमिनियमची? त्येचा दगड हाय ह्यो. लई चांगला लागलाय. सगळा डोंगर त्येचाच." मग आप्पांकडं वळून त्यानं हात जोडले. "तुमच्या गाऱ्हाण्याचा गुण, आप्पा."

आप्पा तिथंच खाली बसले. मी शहापूरला परत आले, चहाचं पातेलं हातात घेतलं आणि भडभडून रडले. सासूबाईंना वाटलं, भाजलं.

पुढं खुणेचे चुना लावलेले दगड आले, मोजणीवाले आले. गाव आप्पांच्या मागं लागलं, आता उलटं गाऱ्हाणं घाला, ह्यांना माघारी धाड म्हणावं. आप्पा म्हणाले, "पाहुण्यासाठी मागितल्यालं परत मागत न्हाईत."

मी चिडले. "डोंगर चाललाय आणि रीत कसली घेऊन बसलाय?"

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तुझी आई हातरुणाला खिळली तवा मी रोज गाऱ्हाणं घालत हुतो. पावसासाठी घातलं, तुझ्या भावासाठी घातलं. एकबी ऐकलं न्हाय त्यानं. ह्येच तेवढं ऐकलं."

या वर्षी जत्रेला लोकांनी त्यांना धरून देवापुढं उभं केलं. त्यांनी नारळ ठेवला, टोपी सारखी केली. आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणायला थांबलो होतो. आप्पांनी तोंडच उघडलं नाही.