दसऱ्याची जीप आणि माईचं नाक

आमच्या घरात गाडीपुढे नारळ फोडायला बंदी आहे.

स्कूटर आली, पहिली कार आली, आता हप्त्यांवरची ही थोरली आली. दर वेळी शोरूमवाला हसत नारळ पुढे करतो आणि मी तो पिशवीत घालून चटणीसाठी घरी नेतो. लोक धर्मबुडव्याकडे बघावं तसे बघतात.

या अन्यायाविरुद्ध दाद मागायची तरी कुणाकडे?

बंदी घालणारी माझी आजी, आमची माई, काल सकाळी गेली. शहाण्णव पूर्ण.

आता अपीलही नाही.

तर, चाळीसचं दशक संपत आलं होतं. महायुद्धातल्या जीपा नगरला लष्कराच्या डिस्पोजलमध्ये विक्रीला निघाल्या. राजूरला लाकडाचा ठेका घेणाऱ्या आमच्या आजोबांनी, अण्णांनी, एक उचलली. ड्रायव्हर हुसेनभाई, नगरचेच.

दसऱ्याला जीपची पूजा. हार, हळद, कुंकू, सगळं यथासांग.

नारळ चाकापाशी फोडतात. अण्णा म्हणाले, "देव काय चाकात असतो व्हय? इंजनात असतो." आणि बॉनेट उघडून थेट इंजिनावर फोडला.

हुसेनभाई "मालक, तितं नको" म्हणेपर्यंत पाणी सगळीकडे.

त्याच दुपारी घरातलं, दोन दिवस तापात असलेलं दीड वर्षाचं पोर श्वास घेताना शिट्टी वाजवायला लागलं.

घटसर्प. इंजेक्शन तालुक्याच्या गावी, अकोल्याच्या डॉक्टरांकडे.

जीप निघाली ती खोकतच. पुढे हुसेनभाई आणि अण्णा, मागे पोराला उभं धरून माई. आडवं केलं की श्वास अडकायचा.

अर्ध्या वाटेवर, खड्ड्यात आदळून, जीप मेली.

अलीकडे वस्ती नाही, पलीकडे वस्ती नाही. त्या रस्त्याला दुसरी गाडीच नव्हती.

हुसेनभाईंनी हॉर्न दाबला. वाजला. म्हणजे बॅटरी जिवंत.

पेट्रोलची नळी सोडली. पेट्रोल आलं.

प्लग काढून बॉडीला टेकवला, अण्णांना पुढून इंजिन फिरवायचं हॅण्डल मारायला लावलं. ठिणगी नाही. दुसरा प्लग. नाही.

"करंट हितवर येतोय आन पुढं जाईना, मालक." कॉइल बघितली, वायरी घासल्या, परत जोडल्या. हॅण्डल. काही नाही.

मागून शिट्टी. मध्येच शिट्टी थांबायची, तेव्हा सगळे थांबायचे. मग परत सुरू.

अण्णांचा धीर सुटला. "पूजाच नीट झाली न्हाई. सीटखाली अजून एक नारळ हाय, तो फोडू."

"तो नारळ आदी माझ्याकडं द्या," माई म्हणाली.

नवऱ्याला असं बोलायची तिची पहिली वेळ. अण्णांनी मुकाट दिला.

मग म्हणाली, "अवं, खोबरं भाजल्यागत वास येतोय."

"तुला भूक लागली आसंल."

"दोन दिस जेवले न्हाई, ते खरं हाय. पर वास हितूनच येतोय. हुसेनभाई, सकाळचं पानी कुटं कुटं गेलं, बगा की जरा."

हुसेनभाईंनी बॉनेटमध्ये डोकं घातलं. खोबऱ्याचा एक तुकडा गरम पाइपावर करपलेला. आणि त्याच्या वरच्या अंगाला डिस्ट्रिब्युटर. चारही प्लगना वीज वाटतो ना, तो डबा. त्याचं झाकण काढलं तर आत चिकट ओल. सकाळपासून झाकणावर साचलेलं पाणी आदळआपटीत आत उतरलं होतं.

"वैनी, कोरडं फडकं?"

कोरडं काय असणार? हुसेनभाईंचे हात तेलानं माखलेले, अण्णांचा सदरा घामानं. माईनं पोर अण्णांच्या खांद्यावर उभं दिलं आणि स्वतः पदरानं आतून पुसायला लागली. सांगितलं तिथं, सांगितलं तेवढं. नवं पातळ होतं, दसऱ्याचं.

झाकण बसलं. हॅण्डल मारलं.

खोकली. थांबली. परत मारलं.

चालू.

अकोल्यापर्यंत सगळे दोनच आवाज ऐकत होते, पुढचा इंजिनाचा आणि मागचा शिट्टीचा. दोन्ही चालू राहिले.

आज अमरधामात ही गोष्ट निघणार होतीच. चुलतभाऊ सांगत होता, "अण्णांना वास आला म्हणून..." आमच्याकडे अशीच सांगतात. माईसमोरही अशीच सांगायचे. मी एकदा तिला विचारलं, तू बोलत का नाहीस? तर म्हणाली, "सांगू दे की. पोरगं वाचलं न्हवं?"

मी भावाला म्हणालो, "वास माईला आला होता."

तो म्हणाला, "हं."

अग्नी बाबांनी दिला. ते पोर म्हणजे आमचे बाबा. मडकं खांद्यावर घेऊन फेरे घालताना त्यांना धाप लागली. आम्ही म्हणालो, जरा थांबा. थांबले नाहीत.

माई, आता निवांत जा.

बाबांचा श्वास आम्ही ऐकत राहू.