भोंगा उलटा बसला

तोंडावर त्याला सगळे सर म्हणतात, पाठीमागे भोंगा. दिवसभर तो सूतगिरणीत माझ्या शेजारच्या यंत्रावर असतो आणि संध्याकाळी शाळेच्या क्लबात मुलींना व्हॉलीबॉल शिकवतो. गिरणीच्या खडखडाटात शेजारच्याला हाक मारायची तर घसा फाडावा लागतो. भोंग्याचा घसा तिथेच तयार झाला. मैदानावर यंत्रं नसतात हे त्याला कधी कुणी सांगितलं नाही.

"पुढे ये. गुडघे वाकव. डोळे काय घरी ठेवून आलीस?" चेंडू वर गेल्यापासून खाली येईपर्यंत हे चालूच. माणूस वाईट नाही. कुणाचा पाय मुरगळला तर पाठीवर घेऊन घरी पोचवील. पण उडी कुठे चुकली ते वाटभर सांगत जाईल.

त्याच्या पोरी तेरा-चौदा वर्षांच्या. त्यांना एक खोड लागली होती. चेंडू अंगावर आला की आधी मान वळायची ती बाकाकडे. भोंगा काय म्हणतोय ते ऐकायचं, मग हात उचलायचे. तोवर चेंडू दोघींच्या मधून लोळत गेलेला. मग भोंगा आणखी ओरडायचा आणि पोरी आणखीच त्याच्याकडे बघायच्या.

नेटजवळ चेंडू उचलून द्यायचं काम त्याच्या लेकीकडे. तिला मैदानावरही बाप आणि घरीही बाप. जेवताना पाण्याचा पेला पुढे केला तरी हा म्हणणार, "मनगट सैल ठेव."

एका सकाळी डबा भरता भरता त्याची बायको म्हणाली, "अहो, शनिवारचा सामना झाला की पोर नी-कॅप परत करणार आहे."

गुडघ्यांवर चढवायच्या या नी-कॅप क्लबच्या असतात. जी पोरगी खेळ सोडते ती धुऊन, वाळवून पत्र्याच्या पेटीत ठेवते आणि जाते. वर्षभरात पेटी बरीच भरली होती.

"का म्हणून?"

"तुमच्या आवाजापायी. झोपेतसुद्धा ऐकू येतो म्हणते. तुम्हाला सांगायला घाबरते, म्हणून मी सांगते. आता ओरडायचं असेल तर हळू ओरडा, शेजारी झोपलेत."

त्या दिवशी गिरणीत भोंगा गप्प. मुकादम येऊन मला विचारून गेला, "याची दाढ दुखतेय का?"

शनिवारी मीही सामन्याला गेलो. भोंगा शिट्टी घरी ठेवून, ओठ मिटून बाकावर बसला होता. बायको शेजारी, पोरींच्या पिशव्या सांभाळत. पण तोंड बंद केलं तरी बाकीचा माणूस चालूच होता. चेंडू आला की मांडी बडवायची, भुवया कपाळात न्यायच्या, हातांनी हवा ढकलायची. पोरी सवयीने बघायच्या, त्यांना काही कळायचं नाही, चेंडू पडायचा. पहिला सेट गेला. लेकीने एकदा बापाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मैदानाचा म्हातारा पहारेकरी मागे झाडूला टेकून उभा होता. म्हणाला, "सर, तोंडाला कुलूप लावलंत. भुवयांना कोण लावणार?"

"मग काय मेल्यासारखा बसू?"

"मेलेला बरा," बायको म्हणाली. "तो खाणाखुणा तरी करत नाही."

भोंगा उठला. मला वाटलं, हा आता घरी निघाला. पण त्याने पाय बाकापलीकडे टाकले आणि कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून बसला.

पोरींनी बघितलं तर बाकावर नुसती पाठ, घामाने ओली. दोन-तीन चेंडू गोंधळातच गेले. मग कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "माझा." थोड्या वेळाने जरा मोठ्याने, "माझा, माझा. तू मागे हो." आणि मग लेकीचा आवाज आला, गिरणीत सहज ऐकू जाईल असा खणखणीत. "इकडे दे. मी आहे."

भोंगा भिंतीलाच म्हणाला, "हिला एवढा आवाज आहे?"

"पोर कुणाची आहे," बायको म्हणाली.

दुसरा सेट आमच्या पोरींनी घेतला. तिसरा थोडक्यात हरल्या. भोंग्याला ते पहारेकऱ्याने सांगितलं, कारण तो काही वळला नव्हता. त्याचं ध्यान हरण्या-जिंकण्यात नव्हतंच. पत्र्याची पेटी बाकाखाली होती आणि लेक बाकाकडेच येत होती.

ती धपकन बसली. गुडघ्यांवरून नी-कॅप ओढून काढल्या. भोंगा भिंतीवरच्या मुंगळ्याकडे बघत राहिला.

"बाबा, वळा आता. संपलं."

तो वळला. बोलायला तोंड उघडलं, बायकोने नुसतं बघितलं, तसं मिटलं.

"शेवटचा चेंडू मी उशिरा उचलला ना?" लेकीने विचारलं.

"मला काय माहीत. मी मुंगळा बघत होतो."

तिला हसू फुटलं. घामाने चिंब नी-कॅप तिने आईच्या मांडीवर टाकल्या. "आई, या धुवून ठेव. सोमवारी सरावाला लागतील."

आईने नाक दाबलं. "शी, कुजलेल्या कांद्यासारखा वास येतोय."

भोंग्याने त्या उचलल्या आणि आपल्या थैलीत टाकल्या. "मी धुतो," तो म्हणाला. इतक्या हळू, की काय म्हणाला ते मला पुन्हा विचारावं लागलं.