मधली डबी

बंगळुरात, बसवनगुडीतल्या आमच्या गल्लीचा रस्ता काँक्रीटचा करायला खणला, तेव्हा शेजारशेजारच्या तिन्ही इमारतींच्या इंटरनेटच्या तारा तुटल्या. जोडून मिळाली ती फक्त आमची. बाकीचे लोक फोन कानाला लावून गच्चीवर येरझारा घालू लागले आणि मला उपकार करायची हुक्की आली. मी पुण्याचा, त्यात आयटीतला. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेला. मेश वाय-फायच्या तीन डब्या आणल्या. एक डबी दुसरीला सिग्नल देते, दुसरी तिसरीला. एक माझ्याकडे ठेवली, एक मागच्या इमारतीत, आणि मधली मधल्या इमारतीतल्या अक्कांच्या स्वयंपाकघरात, कारण दोन्हीकडे तोंड असलेली खिडकी तेवढी एकच होती.

अक्का निपाणीकडच्या. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्याच राहायच्या, मुलगी कॅनडात. डबी लावू का विचारलं तर म्हणाल्या, "लाव की रे तम्मा. कुणाचं तरी काम होतंय न्हवं?"

अडचण एवढीच की ओट्याजवळ प्लग एकच, आणि मिक्सरही तिथेच लागायचा. सकाळी दहाच्या सुमारास अक्का डबी काढून मिक्सर लावायच्या, चटणी वाटायच्या, आणि डबी परत लावायला विसरायच्या. नेमकी तीच सगळ्यांच्या मीटिंगची वेळ. मागच्या इमारतीचं नेट जायचं, ग्रुपवर आरडाओरडा व्हायचा, आणि कुणीतरी जाऊन अक्कांची बेल वाजवायचं. हौस माझी, म्हणून बहुतेक वेळा मीच.

"अक्का, डबी."

"अय्यो, विसरलं बघ. आलायस तर स्वल्प बस की."

मग इडली-चटणी खाल्ल्याशिवाय सुटका नसे. अक्का मुलीचं सांगायच्या, गुडघ्याचं सांगायच्या, मी घड्याळाकडे बघत हं हं करायचो. चटणी फार चांगली असायची, पण मला रागच यायचा. खोटं कशाला बोलू?

एके दिवशी गेलो तर मिक्सर कपाटात होता. त्याचं भांडं पालथं घातलेलं, कोरडं ठणठणीत. डबीची वायर मात्र काढून नीट गुंडाळून ओट्यावर ठेवलेली, आणि टेबलावर दोन बशा मांडलेल्या. मी काय ते समजलो. दुसऱ्या कुणाला हसू आलं असतं, गलबलून आलं असतं. माझं डोकं फिरलं. म्हातारी मला नाचवते आहे, एवढंच मनात आलं.

त्याच रविवारी मी आमच्या गच्चीवर चौथी डबी बसवली. मेशची खुबी अशी की एक डबी बंद पडली तर बाकीच्या आपसूक दुसरी वाट शोधतात. ग्रुपवर ऐटीत लिहिलं, "आता अक्कांनी प्लग काढला तरी कुणाला कळणारसुद्धा नाही." सगळ्यांनी अंगठे वर केले.

पुढे काही दिवस माझ्या फोनवरच्या ॲपमध्ये मधली डबी दहा वाजता राखाडी, म्हणजे बंद, व्हायची आणि तासाभराने पुन्हा हिरवी. कुणीही जात नव्हतं. एकदा अक्का भाजीच्या गाडीपाशी भेटल्या.

"नेट बरं चाललंय न्हवं रे?"

"एकदम. आता तुम्हाला कुणाचा त्रास नाही, अक्का."

"सरी, बरं झालं," म्हणाल्या आणि कोथिंबिरीची जुडी उलटसुलट करून बघत राहिल्या.

एका सोमवारी डबी राखाडी झाली ती तशीच राहिली. मंगळवारी फोनवर तशी सूचनाही आली. मी ती बोटाने बाजूला सारली. नेट झकास चालू होतं.

बुधवारी अक्कांच्या मुलीचा कॅनडाहून फोन आला. आई फोन उचलत नाही, जरा बघता का? वॉचमनला घेऊन मी दार तोडलं. अक्का ओट्याखाली पडल्या होत्या. या वेळी मिक्सरमध्ये चटणी होती. डॉक्टर म्हणाले, खुबा मोडलाय, पण लगेच गेल्या नसाव्यात. दिवसभर तरी जीव असणार. त्यांनी हाक मारलीही असेल. माझी खिडकी त्यांच्या खिडकीसमोरच, पण सोमवारभर मी कानांवर हेडफोन चढवून बसलो होतो. लाज वाटते म्हणणं फार सोपं आहे, तरी वाटतेच.

मुलगी दोन दिवसांनी पोचली. सगळं उरकल्यावर माझ्यापुढे तिने हात जोडले.

"आई दर फोनला सांगायची, सकाळी कुणी ना कुणी येतंय, बसतंय, खाऊन जातंय. गेल्या रविवारीसुद्धा हेच म्हणाली. म्हणून तर मी तिकडे निर्धास्त होते." मग तिने विचारलं, "येत होतात ना तुम्ही?"

मी हो म्हणालो.