रुमालाखाली दिलेला शब्द

माझ्या व्याह्यांनी मला फसवलं. रिकाम्या हातानं सुरुवात करून बारामती-इंदापूरच्या बाजारांत मी आयुष्यभर गुरांचा व्यापार केला. मला गंडवणारा दुसरा माणूस भेटला नाही.

लेकीचे हे सासरे घासाघीस केल्याशिवाय पाणीही पीत नसत. हृदयाचे ठोके बिघडले की आतूनच झटका देऊन ते ताळ्यावर आणणारं यंत्र डॉक्टर त्यांच्या छातीत बसवणार होते. हे म्हणाले, "आधी ह्याचं दात दावा. वय कळल्याबिगार मी जनावर दावणीला बांधत न्हाय." डॉक्टर हसले, मग गंभीर झाले. यंत्र ठोके सुधारतं, आजार नाही; झटका बसला की लगेच येऊन दाखवा. व्याह्यांनी मान डोलावली आणि खांद्याखालचा तो उंचवटा थोपटत बाजारभर सांगत फिरले, "डॉक्टर आतच बांधलाय. आता दवाखान्याचं काम न्हाय."

गेल्या थंडीत इंदापूरच्या बाजारात माझ्या म्हशीला गिऱ्हाईक म्हणून हेच पुढं आले. आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात धरून बोटं दाबायची. माझी बोटं धरलेली असताना ते एकदम उडाले. माझ्याही हाताला मुंग्या आल्या. भाव पाडायची नवी युक्ती असेल म्हणून मी ओरडलो, "सोंगं बास करा!" बघतो तर चेहरा पांढराफटक, दुसरा हात छातीतल्या यंत्रावर.

"पाव्हणं, घरी बोलू नका. पोरं माझा बाजार बंद करतील."

"न्हाय बोलत. पर उद्या सकाळी पुण्याला डॉक्टरकडं जायचं. मी येतो संगं."

"मी काय कुक्कुलं बाळ हाय? एकटा जातो."

हात अजून रुमालाखालीच होता. त्यांनी माझी सगळी बोटं घट्ट दाबली. सौदा पक्का. असा दिलेला शब्द आमच्या बाजारात कुणी मोडत नाही.

सकाळी मीच त्यांना एसटीत बसवलं. हा गृहस्थ वाटेत पणदऱ्यातच उतरला; तिथल्या एका गोठ्यात नवी गाय आली होती म्हणे. तिचे दात बघता बघता व्याही कोसळले. यंत्रानं झटक्यामागून झटके दिले, पण ठोका जागेवर आला नाही.

ती म्हैस अजून माझ्याच दावणीला आहे. बाजारात नेतो, गिऱ्हाईक रुमाल टाकतं, मी हात आत घालतो आणि तसाच काढून घेतो. लेक विचारते, "आबा, एवढं कुणावर चिडलाय?"

काय सांगू तिला? पाव्हणं, सगळी बोटं दाबली होती तुमी. जाब द्या.