घरासमोर, आयरिशमध्ये

सिंगापूरचं पहिलं दर्शन विमानाच्या खिडकीतून झालं: राखाडी समुद्र आणि त्यावर नांगरलेली शेकडो जहाजं. ऑफिसचं काम तीन दिवसांत संपलं. उरलेले चार दिवस मी बेडोकला वसंतमामांकडे राहिले.

मामा रॅफल्स प्लेसच्या एका बँकेतून निवृत्त झाले. मामी गेल्यापासून अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते एकटेच असतात. त्यांची मुलगी सायली दीड वर्षापूर्वी नोकरीसाठी आयर्लंडला गेली. नात इरा पाच वर्षांची होईपर्यंत याच घरात वाढली. आता ती आयरिश माध्यमाच्या शाळेत जाते आणि रविवारचा व्हिडिओ कॉल लागला की सोफ्यामागे लपते.

"जुलैचं तिकीट काढलंय," मामा म्हणाले. "तिथे जाऊन पोरगी बोललीच नाही माझ्याशी, तर?"

म्हणून मामा आयरिश शिकत होते.

शनिवारी सकाळी ते मला बेडोकच्या हॉकर सेंटरला (खाद्यगाळ्यांच्या मंडईत) घेऊन गेले. आम्ही गाजराचा केक मागवला. त्यात गाजर नव्हतं. मुळ्याच्या वड्या अंड्यात परतलेल्या होत्या. कोपी-ओ (बिनदुधाची कॉफी) देणाऱ्या बाईंनी मामांच्या वहीकडे बघून विचारलं, "अंकल, पुन्हा होमवर्क आ?"

"टीचर फार कडक, लाह," मामाही तिथल्याच ढंगात म्हणाले.

शिक्षिका शौना समोरच बसली होती. ती मामांच्या वरच्या मजल्यावर राहणारी, आयर्लंडमधल्या गॉलवेकडची. आयरिशमध्ये 'घरात'मधला 'त' किंवा 'समोर' अशा अर्थाचे शब्द नामाच्या आधी येतात आणि नामाला बदलायला लावतात, असं तिने सांगितलं. होडी म्हणजे 'बाद'. 'होडीत' म्हणायचं तर 'इ माद'. घर म्हणजे 'त्याख'. 'घरात' म्हणताना 'इ द्याख' होतं. पण 'समोर'साठी दोन शब्दांचं अव्यय आहे, 'अस कोर'. त्याच्या पुढे नाम षष्ठीत जातं आणि 'त्याख'चं 'ती' होतं.

"घराची 'ती' झाली!" मामा मला म्हणाले. "पण बघ, आपणही 'घराच्या समोर' म्हणतोच की. षष्ठीच."

मग त्यांनी 'घरासमोर' असलेलं एक आयरिश वाक्य वहीत वीस वेळा लिहिलं.

रविवारी संध्याकाळी पाचला कॉल लागला. तिकडे सकाळ होती. पडद्यावर सायली एकटीच होती.

"बाबा, ती सोफ्यामागे आहे."

"असू दे." मामांनी घसा साफ केला. मांजर घरासमोर आहे, असं त्यांना म्हणायचं होतं. "ता अन कॅट अस कोर अन... त्याख."

मी वहीकडे बोट दाखवलं, पण त्यांचं लक्ष पडद्यावर होतं.

"ती!" सोफ्यामागून आवाज आला. "अन ती, आजोबा!"

"अन ती," मामा म्हणाले.

आधी केस दिसले, मग कपाळ, मग पूर्ण इरा. तिने आजोबांकडून ते वाक्य तीनदा म्हणवून घेतलं. नंतर थांबत थांबत मराठीत विचारलं, "आजोबा, तुझ्या घरसमोर मांजर आहे?"

"माझ्या घरासमोर मांजर नाही गं. लिफ्ट आहे."

"घरा...समोर," ती म्हणाली.

कॉल संपल्यावर मी विचारलं, "मामा, मुद्दाम चुकलात ना?"

"छे गं! घाबरलो होतो," ते चष्मा पुसत म्हणाले.

मंगळवारी विमानतळावर त्यांनी विचारलं, "मला सगळं बरोबर यायला लागलं, तर इरा काय सांगेल मला?"

"अशी अव्ययं शिकण्यात वर्षं जातील, असं शौना म्हणत होती."

"मग ठीक आहे," मामा म्हणाले आणि माझी बॅग उचलायला वाकले.

मी पुण्याला परतले. 'घरासमोर' हा शब्द मी रोज वापरते, पण 'समोर' आलं की 'घर' 'घरा' होतं, हे आजवर कधी थांबून पाहिलं नव्हतं. पुढच्या रविवारी मामांचा फोन आला. पहिलंच वाक्य होतं, "आज पाच चुका काढल्या तिने." आवाज असा, की नातीचा पहिला नंबर आला असावा.