बिनमाशांची टाकी आणि तुरटी

चाकणच्या एका कंपनीत मी सांडपाण्याच्या प्लांटवर केमिस्ट आहे. धातूला मुलामा देणाऱ्या प्लेटिंग शॉपमधून येणारं हिरवट पाणी तपासायचं आणि बाहेर सोडण्याच्या लायकीचं करायचं, हे माझं काम. त्यामुळे नवऱ्याने हौसेने मोठी काचेची फिशटँक आणली, तेव्हा पाण्याचं खातं न मागता माझ्याकडे आलं.

त्याला मासे त्याच संध्याकाळी हवे होते. दुकानदाराने सांगितलं होतं, पाणी भरा, बाटलीतलं औषध टाका, मासे सोडा. आमचे आधीचे मासे नेमके याच पद्धतीने आठवडाभरात गेले होते. मी त्याला समजावलं, की माशांची घाण कुजून पाण्यात अमोनिया होतो, तो खाणारे जीवाणू आधी फिल्टरच्या स्पंजवर वाढू द्यावे लागतात, आणि त्याला महिना तरी लागतो.

"म्हणजे महिनाभर आपण नुसतं पाणी पाळायचं?"

"हो."

मोशीतल्या आमच्या सोसायटीत नळाला पाणी दिवसाआड येतं. ते पाणी भरून पाळायचं ही कल्पना त्याला झेपायला वेळ लागला.

त्याच सुमारास सासूबाई परभणीहून राहायला आल्या. जीवाणूंना खायला हवं म्हणून मी रोज सकाळी कंपनीची बस पकडण्याआधी माशांच्या खाण्याची चिमूट टाकीत टाकायची. ते त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं. टाकीभोवती एक फेरी मारली, वाकून दगडांमागे बघितलं.

"मासे कुठं हायेत?"

"अजून आणले नाहीत, आई."

"मग खाऊ कुणाला घालायलीस?"

मी जीवाणू म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि स्वयंपाकघरात गेल्या. दोन दिवसांनी लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "कंपनीत फार टेन्शन असतं का गं? थोडी सुट्टी घे."

पुढे पाणी दुधाळ झालं. नव्या टाकीत असं होतं, आपोआप निवळतं. मी निर्धास्त होते. एका संध्याकाळी कामावरून आले तर टाकी लख्ख. पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर आरपार वाचता येत होतं. नवरा कौतुकाने बघत उभा होता. मलाही वाटलं, आपलं शास्त्र फळाला आलं. आणि मग तळाशी बसलेला पांढरा गाळ दिसला.

हा गाळ मी ओळखणार नाही तर कोण? प्लांटवर मी रोज तोच बसवते.

"आई, यात काही घातलंत का?"

"तुरटी फिरवली," त्या म्हणाल्या. "किती गढूळ झालं होतं! तू दिवसभर कंपनीत. म्हटलं, तेवढंच तुझं काम हलकं."

पाणी तपासलं. तुरटीने आम्लता एवढी वाढली होती, की माझ्या जीवाणूंचं कामकाज बंद पडलं होतं. आणि नवरा म्हणत होता, "बघ, आईने एका दुपारात केलं. तुला तीन आठवडे लागले." मी बादली आणली आणि टाकी उपसायला घेतली. स्वच्छ पाणी मोरीत ओतताना बघून सासूबाईंचा चेहरा उतरला.

"आमच्या गावात टँकरचं पाणी असंच गढूळ यायचं," त्या हळूच म्हणाल्या. "त्यातच तुरटी फिरवून ह्याला लहानाचं मोठं केलं. ह्याला कुठं काय झालं?"

नवऱ्याकडे पुरावा म्हणून बघितल्यावर मला हसू फुटलं. राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांना शेजारी बसवलं, परीक्षानळीत टाकीतलं उरलेलं पाणी घेतलं, तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. रंग हिरवा आला. म्हटलं, "हा हिरवा म्हणजे अमोनिया, विष आहे. डोळ्यांना दिसत नाही एवढंच. हा पिवळा झाला की मासे आणायचे."

"म्हणजे निर्मळ दिसतंय ते निर्मळ नाही?"

"नाही."

त्यांना हे फार पटलं. बहुधा एखाद्या नातेवाइकावरून.

सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. आता मात्र मी घरात शिरले की चपला काढायच्या आत प्रश्न यायचा, "रंग बघायचा ना?" नळी उजेडात धरून त्या निकाल द्यायच्या: पोपटी, अजून पोपटी, थोडा लिंबाकडे झुकलाय. पाणी परत दुधाळ झालं तेव्हा त्यांनीच नवऱ्याला टाकीजवळून हाकललं. खालच्या मजल्यावरच्या काकू चौकशीला आल्या, तर सासूबाईंनी त्यांना सोफ्यावर बसवून जीवाणूंची सगळी हकीकत सांगितली आणि त्यांच्यासमोर टाकीत चिमूटभर खाणं टाकलं. काकू चहा अर्धाच टाकून उठल्या.

रंग पिवळा झाला आणि टिकला. नवरा आनंदाने सहा छोटे मासे घेऊन आला. सासूबाईंनी ते घटकाभर पाहिले, म्हणाल्या, "एवढुसे? ह्यांच्यासाठी एवढं?" आणि त्याच आठवड्यात परभणीला परतल्या.

मासे सगळे जगले. सासूबाईंचा फोन येतो, तेव्हा पाण्याचा रंग त्या न चुकता विचारतात. माशांचं नाव अजून एकदाही काढलेलं नाही.